बोडीवरचं बिनसरकारी वर्ष

समाजाला सरकार कशाला लागतं हा धडा मी साकोलीच्या शाळेत दरवर्षी शिकवतो, आणि एका वर्षी तो मी आमच्या घरच्यांवर करून पाहिला. शाळेतली मुलं परीक्षा झाली की धडा विसरतात. घरचे अजून विसरलेले नाहीत.

सानगडीहून थोडं आत आमचं गाव आहे. तिथे आजोबांनी खणलेली बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसं तळं. तिच्या मातीच्या पाळीत पाणी सोडायचं एक भोक, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात, आणि त्या तुडुमाला एक लाकडी बुच. बुच काढलं की पाणी पाटाने आमच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, उतरतं. बांध्या तिघांच्या. सगळ्यात वर चुलत भाऊ प्रकाशच्या, मध्ये माझ्या आणि अगदी टोकाला थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या. प्रकाशला जोडीला किराणा दुकान होतं, मला पगार होता. दादाकडे फक्त धान होतं. त्याचं घर वर्षभर त्या टोकाच्या बांध्यांवरच जेवायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ऐन वेळी ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

बुचाला साखळी-कुलूप, आणि किल्ली काकाजींच्या ताब्यात असायची. काकाजी म्हणजे प्रकाशचे वडील. माणूस असा, की पाणी मागायला गेलं की आधी आभाळाकडे बघायचे, मग धानाकडे, मग आपल्याकडे (या शेवटच्या नजरेत जरा जास्तच वेळ जायचा) आणि म्हणायचे, "नाई."

"काहून नाई, काकाजी?"

"नाई म्हनलं ना."

झालं! अपील नाही, सुनावणी नाही. बोडी तुडुंब भरलेली, खाली बांध्यांना भेगा पडायला लागलेल्या, आणि हा म्हातारा बुचाजवळ बिडी ओढत बसलेला. पोटच्या पोरालाही सूट नाही. उलट प्रकाशला सगळ्यांच्या शेवटी पाणी मिळायचं, त्यामुळे काकाजींना शिव्या घालण्यात सख्खा मुलगाच आमचा पुढारी होता.

त्याच सुमारास जिल्ह्याचे दोन भाग झाले. गोंदिया वेगळा झाला, भंडारा मागे उरला, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला (चुलत भाऊ नव्हे, दुसरा). काकाजींच्या अंगणात सगळ्यांना बसवून मी भाषणच ठोकलं. म्हटलं, "काकाजी, एवढा मोठा जिल्हा वाटता येते, अन् आपल्याले एक बोडी सांभाळता येत नाई? आमी तिघं भाऊ हावोत, शिकलेले हावोत. आमच्यावर राजा कायले पायजे?"

काकाजींनी बिडी विझवली. "जिल्हा वाटला, पन दोन्हीकडे कलेक्टर बसवलाच ना?"

मी हसलो. हे उत्तर नीट ऐकायला हवं होतं, पण समोरचा माणूस सातवीही पास नाही म्हटल्यावर मास्तराचे कान आपोआप मिटतात. प्रकाश म्हणाला, "बाबा, मास्तर बराबर बोलून राहिला." काकाजी आत गेले, खाटेखालून किल्ली काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने लेकीकडे जवाहरनगरला निघून गेले. जावई तिथे फॅक्टरीत. क्वार्टरमध्ये नळाला पाणी येत असे आणि त्यावर कोणाशी भांडावं लागत नसे.

मी नवा कायदा जाहीर केला. ज्याला गरज असेल त्याने बुच काढावं, गरजेपुरतं पाणी घ्यावं. बस्स. पोलीस नको, पाटील नको, काकाजी नको. माणूस मुळात समजूतदार असतो, असं मी म्हणालो, आणि किल्ली तुडुमाशेजारी पाळीवर ठेवून साकोलीला परतलो. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटत होतं, की फटफटीवर मी गाणं म्हणत होतो!

भादव्यात पाऊस थांबला. प्रकाशने बांध्या भरल्या. दादाने पाहिलं की प्रकाशच्या बांध्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधाच्या काठापर्यंत, भरल्या आहेत, म्हणून त्यानेही भरल्या. प्रकाशने पाहिलं की दादाने भरल्या, म्हणून त्याने पुन्हा भरल्या. मी रविवारी गेलो. माझं हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान पिकायला आलं होतं, त्याला पाण्याची गरज नव्हती. पण हक्क असून वापरला नाही तर तो हळूहळू जातो, असं पुस्तकात आहे, म्हणून मीही पाणी घेतलं. पिवळं पडत आलेलं माझं धान घोटाभर पाण्यात उभं राहिलं आणि बोडीतले अर्धे बेडूक माझ्याकडे राहायला आले.

तरीही निभावलं असतं. पण एक गोष्ट माझ्या कायद्यात राहून गेली. बुच काढणं हा सगळ्यांचा हक्क होता. बुच लावणं हे कोणाचं कर्तव्य होतं, ते मी लिहिलंच नव्हतं. मी पाणी घेतलं आणि निघालो, म्हटलं पाठोपाठ प्रकाश येणारच आहे. प्रकाश आला, त्याला वाटलं दादा घेतोय. दादाला वाटलं मास्तर स्वतः आलेत म्हणजे त्यांनी बघितलं असेल. पाणी बांध्यांवरून बांध्यांत, तिथून नाल्यात आणि नाल्यातून पलीकडच्या गावात गेलं. त्या गावाने आम्हाला कधी पाणी मागितलं नव्हतं.

मी पुन्हा गेलो तेव्हा बोडीच्या तळाशी पलीकडच्या गावची माणसं टोपल्यांनी मासे धरत होती. एकाने चिखलातूनच मला हाक मारली, "मास्तर, घेता का पावभर? ताजे हायेत."

मधोमध एक डबकं उरलं होतं. आणि दादाचं भारी धान नेमकं तेव्हा गर्भात आलं होतं. हलकं धान कापणीला येतं तेव्हा भारी धानाला शेवटचं पाणी लागतं, आणि ते नाही मिळालं तर लोंबीत दाणा भरत नाही. काकाजी भादव्यात 'नाई' म्हणायचे ते ह्या पाण्यासाठी. त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण राजे लोक कारणं देत नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही, कारण मला कारणं आधीच ठाऊक होती.

डबक्याच्या एका बाजूला दादाने पाणी उपसायचं इंजिन लावलं होतं, दुसऱ्या बाजूला प्रकाशने. दादा शांतपणे म्हणाला, "प्रकाश, इंजिन उचल. माह्यं धान मरून राहिलं."

"माह्यं जिवंत हाय का मंग? कायदा सगळ्याइले सारखा हाय. मास्तरले विचार."

मला विचारण्यात आलं. मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो आणि "हे पाहा, आपण सुशिक्षित" एवढं म्हटलं. दादाने प्रकाशसाठी उचललेल्या फावड्याचा दांडा माझ्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनाही ऐकू आला. प्रकाशने खासरातलं, म्हणजे बैलगाडीतलं, आपलं इंजिन उचललं ते मला साकोलीच्या दवाखान्यात न्यायला जागा हवी म्हणून, पण तोवर डबक्यात पाणी नव्हतं, चिखल होता. मी प्लास्टरचा हात गळ्यात बांधून डाव्या हाताने फळ्यावर 'शासनाची आवश्यकता' लिहिलं. अक्षर असं आलं की मुलांना वाटलं वेगळी लिपी आहे.

दादाच्या लोंब्या पांढऱ्या निघाल्या. वाऱ्यावर त्या सरळ उभ्या राहत. दाणा भरलेली लोंबी वाकते, ही वाकत नव्हती. त्याने सगळं उभं पीक बैलांसाठी कापलं आणि राईस मिलमध्ये पोती उचलायला जाऊ लागला. दरवर्षी गावाहून आमच्याकडे तांदळाचं पोतं यायचं. त्या वर्षी मी बाजारातून पोतं घेऊन त्याच्या दारात नेलं. वहिनी म्हणाल्या, "ठेवा तिथंच," आणि आत गेल्या. दादाने पोत्यावरचं दुकानाचं नाव वाचलं. म्हणाला, "तुह्या पुस्तकात यावर धडा हाय का रे?"

मला रडू आलं. ते लपवण्यासाठी मी हात दुखतोय असं सांगितलं. (दुखतही होता.) त्यानंतर दादा आणि प्रकाश एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाच पाटाच्या दोन टोकांना दोन भाऊ, आणि मधल्या बांधीचा मालक मी, म्हणून दोघांच्याही नजरा माझ्या अंगावरूनच जायच्या.

पुढच्या वर्षी रोवणी आटोपली आणि आम्ही तिघं वेगवेगळ्या वाहनांनी जवाहरनगरला गेलो. मी म्हटलं, "काकाजी, चुकलं. किल्ली घ्या."

"मी नाई आता."

"मंग कोन?"

काकाजींनी नेहमीप्रमाणे आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तरले द्या. याचं धान कमी, पगार हाय, उपाशी मरनार नाई. अन् याले काई बोललं तं कोनाले वाईट बी वाटत नाई."

इतिहासात पहिलं सरकार असंच आलं असावं, अशी माझी आता पक्की खात्री आहे. पुस्तकात लिहिलं आहे की लोकांनी एकत्र येऊन आपल्यातला शहाणा निवडला. माझा अनुभव असा, की लोक एकत्र येत नाहीत, आपापल्या गाडीने येतात, आणि ज्याचा सगळ्यांना सारखाच राग आहे त्याच्या हातात किल्ली देतात.

मी किल्ली साकोलीला नेली. भादव्यात प्रकाश आला, मी म्हटलं, "नाई." दादा आला, त्यालाही म्हटलं, "नाई." दादाला नाही म्हणताना गेल्या वर्षीच्या पांढऱ्या लोंब्या डोळ्यांसमोर आल्या. पण पाणी त्याच्याचसाठी ठेवायचं होतं, आणि हे सांगितलं असतं तर पुन्हा फावडं निघालं असतं. म्हणून मी कारण दिलं नाही. दादा थुंकून निघून गेला.

भारी धान गर्भात आलं तेव्हा मी बुच काढलं आणि पाणी दादाच्या टोकाला पोचेपर्यंत पाटाच्या काठाने चालत गेलो. दाणे भरले. दिवाळीनंतर लोंब्या वाकल्या.

कापणीच्या दिवसांत बायको गावाला जाऊन आली. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "अहो, दादा अन् प्रकाशभाऊजी बोलून राहिले. धुऱ्यावर बसून, एकाच पुडीतला खर्रा खात. चांगले हसून राहिले होते."

वर्षभर मी ह्याच एका बातमीची वाट पाहत होतो. मी चष्मा पुसला आणि विचारलं, "काय बोलत होते गं?"

बायकोने अभ्यासाला बसलेल्या मुलांकडे पाहिलं.

"तुमच्याबद्दलच. पन काय ते," ती म्हणाली, "लेकरं झोपल्यावर सांगीन."