शेजारणीचं नाक

आमच्या कारखान्यात बहुतेक गोष्टींना मीटर आहे. पाणी किती आलं, किती गेलं, जनरेटर किती वेळ चालला, धुराड्यातून काय बाहेर पडलं, सगळं मोजलं जातं. धुराड्याचे आकडे तर थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कचेरीत दिसतात, त्यामुळे तिथे कुणी लपवाछपवी करायला जात नाही. वासाला मात्र मीटर नाही. त्याला माणसाचं नाकच लागतं.

मानेसरला मोटारींचे बंपर बनवून रंगवणाऱ्या एका कंपनीत मी पर्यावरण विभाग सांभाळते. पुण्याहून येऊन बरीच वर्षं झाली. गुरुग्रामच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य घालवायचं नव्हतं म्हणून फ्लॅट कारखान्याजवळच घेतला. बाल्कनीतून मोहरीचं एक शेत दिसतं, अजून कुणा बिल्डरच्या हाती न लागलेलं, आणि शेतापलीकडे आमच्या पेंट शॉपचं निळं छप्पर. सोसायटीची सेक्रेटरीही मीच होते. याद्या करायची सवय आहे हे एकदा लोकांना कळलं की अशी पदं आपोआप चालत येतात.

दिवाळी उलटल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर वासाचे मेसेज सुरू झाले. संध्याकाळी नेलपॉलिशसारखा वास येतो. थिनरचा येतो. डोकं दुखतं. मी प्रत्येकाला तेच विचारलं: किती वाजता, कुठल्या टॉवरला, वारा होता का. बहुतेकांनी रागाचे चेहरे पाठवले. नीट उत्तर दिलं ते फक्त आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या दीदींनी. त्या पंजाबी, शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यापासून एकट्या. संध्याकाळी आम्ही दोघी खाली फेऱ्या मारायचो.

"आता येतोय बघ," त्या फेरी मारता मारता थांबून म्हणायच्या.

मी थांबून श्वास घ्यायचे. काहीच नाही.

"दीदी, मला तर काही येत नाहीये."

"तुला कसा येईल? तेरी नाक तो कंपनी की नौकर है."

मी घरी विचारून पाहिलं. पण माझ्या नवऱ्याला बारा महिने सर्दी असते, त्याचं मत धरण्यात अर्थ नव्हता. कारखान्यात आम्ही दर महिन्याला कुंपणाच्या आतून वास घेत एक फेरी मारतो. माझ्या विभागातली चार जणं, हातात तक्ता. त्या महिन्याच्या तक्त्यावरही सगळीकडे ‘वास नाही’ असंच होतं. मी दीदींना सांगितलं की हा वास दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याचा असणार, त्या पट्ट्यात पेंट शॉप काही आमचं एकट्याचं नाही.

मग त्यांची मुलगी आली. ती नोएडाला सासरी असते, तेव्हा पाचवा महिना चालू होता. दोन दिवस राहायला म्हणून आली, पहिल्याच संध्याकाळी वासाने उलट्या होऊन बाथरूममध्ये जाऊन बसली, आणि सकाळी जावई येऊन तिला घेऊन गेला. बाळंतपण आता नोएडालाच, असं तो दारातच म्हणाला. शांतपणे म्हणाला, त्यामुळे दीदींना भांडताही येईना. त्यांनी मुलीसाठी आतली खोली लावून ठेवली होती, नवी गादी आणली होती, डिंकाचे लाडू करायला गावाकडून तूप मागवलं होतं. मुलीने आठव्यात यायचं ठरलं होतं.

"तूप परत पाठवता येतं का गं?" त्यांनी मला विचारलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला: कारखान्यांना आणि मंडळाला लेखी तक्रार द्यायची. यादीत आमच्या कंपनीचं नाव पहिलं होतं. लिहायचं काम अर्थातच सेक्रेटरीचं. मी मसुदा केला आणि भाचीच्या लग्नासाठी पुण्याला गेले. पुण्यात आठवडाभर राहिले.

परत आले ती दुपारच्या विमानाने, घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. घर बंद होतं म्हणून आल्या आल्या बाल्कनीचं दार उघडलं. बॅगेतली चकली डब्यात काढत होते आणि हात थांबला. थिनर. आमचाच. रंगाच्या कंपन्या थिनरमध्ये वेगवेगळी मिश्रणं वापरतात, आणि आमच्या मिश्रणाला किंचित गोडसर, पिकलेल्या केळ्यासारखी छटा आहे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिने माझं डोकं उठवलं होतं. त्यानंतर मला ती पुन्हा कधी आली नव्हती.

मी समोरचं दार वाजवलं. दीदी शाल गुंडाळून टीव्ही बघत होत्या.

"दीदी, चला. गाडीत बसा."

"कहाँ?"

"वास काढायला. आठवडाभर बाहेर राहून आले म्हणून मला येतोय, पण किती वेळ येईल सांगता येत नाही."

थंडीत गाडीच्या चारही काचा खाली करून आम्ही निघालो. सर्व्हिस रोडने शेताला वळसा घातला. कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत मला वास येईनासा झाला होता. दीदींनी शालीचं टोक नाकाला लावलेलं होतं.

गेटवर गार्डने मला सलाम केला आणि दीदींना अडवलं. पाहुण्यांना सेफ्टी शूज घातल्याशिवाय आत सोडायचं नाही, हा नियम माझाच. बायकांच्या मापाचे शूज संपले होते. दीदी पुरुषी, जड बुटांत पाय टाकून निघाल्या.

"इतनी इज्जत तो मेरी शादी में नहीं हुई," त्या म्हणाल्या.

मी त्यांना आधी धुराड्याखाली नेलं. आमचा सगळा बंदोबस्त तिथेच आहे: मीटर, गाळण्या, बोर्डावर चमकणारे आकडे. दीदींनी मान वर करून पाहिलं, शाल बाजूला केली, श्वास घेतला.

"इथे नाही. इथे तर चांगली हवा आहे."

पेंट शॉपच्या मागच्या बाजूला वळलो तशी त्यांनी शाल परत वर घेतली आणि हाताने दाखवलं. संध्याकाळची पाळी बदलत होती. पाळी संपली की स्प्रे गन थिनरने धुतात. धुतलेलं थिनर भिंतीलगतच्या ड्रममध्ये ओततात आणि भरले की ते ड्रम घातक कचऱ्याच्या गाडीने जातात. कागदोपत्री सगळं व्यवस्थित होतं. फक्त प्रत्येक ड्रमच्या तोंडात एक नरसाळं उभं होतं आणि नरसाळ्यामुळे एकाही ड्रमला झाकण लागत नव्हतं. शेजारी थिनरने भिजलेल्या चिंध्यांची उघडी टोपली. धुराड्यातलं वर निघून जातं. हे जमिनीवरच राहत होतं, आणि हिवाळ्यात संध्याकाळी वारा पडला की शेतावरून सरळ आमच्या बाल्कन्यांत येत होतं.

मी ड्रमच्या अगदी जवळ उभी होते. मला फक्त पेंट शॉपचा वास येत होता, म्हणजे काहीच नाही. आमच्या फेरीतली चारही माणसं दहा-दहा वर्षं याच हवेत आहेत. तक्ता त्यांनी प्रामाणिकपणेच भरला होता.

गाडीत बसताना दीदी म्हणाल्या, "आता ते पत्र पाठवू नकोस. तू करशीलच ना ठीक? तुझ्या नोकरीवर कशाला?"

"पत्र नाही गेलं तर ठीक होणार नाही," मी म्हटलं.

आमच्याकडे कुठलाही खर्च मंजूर व्हायला कागद लागतो. माझ्या नाकाला, किंवा दीदींच्या नाकाला, त्या फाइलमध्ये जागा नव्हती. बाहेरून आलेल्या तक्रारीला होती. मी दुसऱ्या दिवशी मसुद्यात एक परिच्छेद वाढवला, वास कुठून आणि केव्हा येतो ते लिहिलं, सही केली आणि पाठवून दिलं. दोन दिवसांनी तेच पत्र आवक शिक्का लागून माझ्या टेबलावर आलं.

त्याच दुपारी प्लँट हेडने बोलावलं. हरियाणाचा माणूस, आवाज मोठा, मनात फारसं काही ठेवत नाही. पत्र त्याच्यासमोर होतं.

"मॅडम, ये सेक्रेटरी का साइन किसका है?"

"माझा."

"और जवाब कौन देगा?"

"मीच."

त्याने पत्र माझ्याकडे सरकवलं. लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर होतं आणि तक्रारीची प्रत मंडळालाही गेली होती.

"आप तो दोनों तरफ बैठी हो. एक तरफ से उठ जाओ."

त्याचं म्हणणं रास्त होतं. त्या रविवारी मी सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडलं. पत्र तोवर गेलेलंच होतं. मग प्लँट हेडसमोर खर्चाचा कागद ठेवला. त्याने दोन ठिकाणी आकडे खाली आणले आणि सही केली.

पुढचं काम सरळ होतं. नरसाळी काढून ड्रमला झाकणासकट बसणारी तोंडं लावली. गन धुवायची जागा आत, पंखा आणि कोळशाच्या गाळण्या असलेल्या बूथमध्ये नेली. चिंध्यांना पायाने उघडायच्या झाकणाचे डबे आले. पहिले काही दिवस पाळी सुटायची घाई असलेली मुलं जुन्याच जागी गन धुवायची. सुपरवायझरला तिथे उभं केलं, हळूहळू थांबलं. कुंपणाच्या फेरीतून माझ्या विभागाची माणसं काढली आणि ऑफिसातल्या हिशेबनीस बायकांना घेतलं, त्या पेंट शॉपकडे फिरकतही नाहीत. पहिल्याच फेरीत त्यांनी कॅन्टीनच्या गटाराबद्दल तक्रार केली. त्यांच्या यादीत ते पहिलं होतं, थिनर तिसरं.

झालं की नाही, हे मला माझ्या बाल्कनीतून कळणार नव्हतं. ते काम दीदींकडे दिलं. रोज संध्याकाळी त्यांचा मेसेज यायचा. ‘आज है.’ ‘आज थोडा.’ ‘पता नहीं, पड़ोस में मछली बन रही है.’ मी म्हटलं, दीदी, वेळही लिहा, तर म्हणाल्या, "मैं क्या तेरी इन्स्पेक्टर लगी हूँ?" पण लिहायला लागल्या. जानेवारीत सलग बऱ्याच संध्याकाळी ‘नहीं’ आलं. त्यांनी मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, आई, तुला यायला हवंय म्हणून तू काहीही सांगशील.

ते खरंच होतं. इतके दिवस मी ज्या नाकावर अवलंबून होते ते काही तटस्थ नव्हतं.

शेवटी ठरलं की मुलीने एक संध्याकाळ येऊन बसावं. जावई सोबत येईल, त्रास झाला तर लगेच परत. ती आली ती पोटावर हात ठेवून, सावकाश. दीदींनी बाल्कनीत खुर्ची टाकली. मी कारखान्यातून लवकर निघाले आणि आल्या आल्या चहाला दूध ठेवून त्यांच्याकडे गेले. जावई दाराला टेकून उभा होता, गाडीची किल्ली हातात. मोहरी फुलली होती. शेतापलीकडे आमच्या पेंट शॉपचे दिवे लागले. पाळी बदलायची वेळ झाली.

मुलीने डोळे मिटले. दीदी तिच्याकडे न बघता तुळशीची पिवळी पानं खुडत होत्या. मी एकाच वासाची वाट बघत होते, जो मला येणार नव्हता.

मुलीने नाक आक्रसलं. दीदींचा हात थांबला.

"आंटी," ती मला म्हणाली, "आपके घर में कुछ जल रहा है."

दूध होतं. मी धावत जाऊन गॅस बंद केला, पातेलं सिंकमध्ये टाकलं. परत आले तेव्हा जावई किल्ली खिशात घालत होता आणि दीदी आत, फ्रिजमधून तुपाचा डबा काढत होत्या.