दोन वीस म्हणजे किती?

साहेबांवर माझा दात होता, हे आधीच कबूल करते. ते पुण्यात, मी मेहकरला घरी बसून त्यांच्या कंपनीचे प्रोग्राम लिहायचे. एकदा मीटिंगमध्ये माझ्या तोंडून "करून राह्यली" निघालं आणि ते महिनाभर माझी नक्कल करत होते. सगळे हसायचे. मीही हसायचे आणि मनात धरून ठेवायचे.

मग आमच्याच गावातल्या बियाण्याच्या दुकानाचं काम आलं. शेतांची मापं टाकली की किती बियाणं लागेल ते सांगणारं ॲप. दुकानवाले चाचा माझ्या शब्दावर तयार झाले होते. प्रोग्राम लिहायला एआय एजंट कोणता घ्यायचा, यावर आमचं वाजलं. एक एकटाच सगळं उरकणारा, दुसरा आपल्याला विचारत विचारत पुढे जाणारा. दुसरा मी घरी लावून पाहिला. त्याचा पहिलाच प्रश्न: २.२० म्हणजे दशांश, की एकर-गुंठे? आमच्याकडे दोन एकर वीस गुंठे असेच लिहितात. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते झाले अडीच एकर. मी साहेबांना म्हटलं, हाच घेऊ, हा विचारतो तरी.

"प्रश्न विचारायला तू आहेस की," ते म्हणाले. "अजून एक कशाला?" आणि पहिलाच घेतला.

तेव्हाच ठरवलं, गुंठ्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

ॲप दुकानात सुरू झालं. आठवड्याभरानं साहेब ते मिरवायला स्वतः आले. गिऱ्हाइकांसमोर त्यांनी दोन शेतं टाकली, २.२० आणि १.३०. स्क्रीनवर आलं, साडेतीन एकर.

"साडेतीन?" चाचा म्हणाले. "हे तं सव्वाचार होते ना साहेब! चाळीस गुंठ्याचा एकर असते, एवढं मालूम नाही तुमाले?"

दुकान खो खो हसलं. साहेबांचे कान लाल झाले. मी सावकाश माझा लॅपटॉप उघडला आणि घरी केलेल्या प्रोग्राममधला बरोबर आकडा सगळ्यांना दाखवला. जिवाला इतकं गार कधी वाटलं नव्हतं. आजही ते तोंड आठवलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

साहेब फोनचं निमित्त करून बाहेर सटकले. चाचा माझ्या लॅपटॉपकडे बघतच होते.

"म्हंजे तुले पयलेच मालूम होतं, बेटा?"

"हाव."

"तुह्या भरोशावर म्या हिशोब तपासला बी नाही," ते हळू म्हणाले. "आठ दिवस लोकाइले याच्यावरच बियाणं देल्लं. पेरून बी झालं त्याइचं."