वरणाचं आधण

माझी देवीवर घट्ट श्रद्धा आहे असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि मलाही ते खरंच वाटायचं. पण छातीत गाठ सापडली, डॉक्टरांनी ती लवकर काढा म्हटलं, आणि तेव्हापासून माझी श्रद्धा नुसती कारणं शोधायच्या कामाला लागली. एकदा पितृपक्ष म्हणून तारीख पुढे ढकलली, एकदा नणंदेकडचं लग्न म्हणून. रोज देवीच्या फोटोसमोर बसून मी म्हणायचे, तू काहीतरी कौल दे, मग जाते. खरं तर मला कौल नकोच होता. भूल दिल्यावर शुद्ध परत आलीच नाही तर, या भीतीनं मला पोखरलं होतं.

यांना जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटी मुलगाच पुण्याहून मला न्यायला आला, तोही नव्या कोऱ्या लाल स्पोर्ट्स कारमधून. लहानपणी तो भिंतीवर अशाच गाडीचं चित्र लावून झोपायचा. ही गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत ती शिरली तेव्हा शेजारणी गच्चीवरून बघत होत्या. गाडी इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसणं, आणि उठताना कुणाला तरी हात द्यावा लागे. अकोल्याला माझी बहीण राहते म्हणून ऑपरेशन तिथेच ठरलं होतं. संध्याकाळपर्यंत भरती व्हायचं होतं.

बडनेरा सोडल्यावर रस्त्यालगत देवीचं एक देऊळ लागतं. गाडीची पूजा राहिली होती, ती इथेच उरकू असा हट्ट मी धरला. उशीर व्हावा ही इच्छाही त्यात होतीच. पुजाऱ्यांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला आणि पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. आता गाडी जराशी पुढे घेऊन ती चिरडायची, एवढंच उरलं. आमच्या जुन्या गाडीला त्यासाठी चांगला जोर द्यावा लागे. त्या सवयीनं मीच बाहेरून सांगितलं, "जोरात दाब, लिंबू फुटलं पाह्यजे." मुलाचा पाय पडताच गाडी उसळली आणि थेट दीपमाळेच्या चौथऱ्यावर आदळली. बंपरचा एक कोपरा चांगला वीतभर आत गेला.

देवीच्या दारात, पूजा चालू असताना, तेही मला ऑपरेशनला नेणारी गाडी. मी तिथेच खाली बसले. म्हटलं, "मी नाही येत आता, बाबू. देवीनं अडवलं मले. आणखी काय कौल पाह्यजे?" पोरानं बंपरकडे बघितलंसुद्धा नाही. माझे दोन्ही हात धरून तो म्हणाला, "आई, गाडीचं होऊन जाईन नीट. तू बस फक्त." त्याचे डोळे भरून आले होते. आणि मला, सांगायची लाज वाटते, पण मनातून हायसं वाटत होतं.

देवळामागे कडुनिंबाखाली एका घरचा रोडग्यांचा नवस होता. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजत होते आणि चुलीवर मोठ्या गंजात वरणासाठी आधण ठेवलं होतं. आमचा आवाज ऐकून तिथली माझ्याच वयाची एक बाई कणकेच्या हातानं आली. "काहून वो बाई, रडून काहून राहिले?" मुलानं तिला सगळं सांगितलं, ऑपरेशनचंही. तिनं बंपरवर बोटानं टकटक केलं. "हे तं प्लास्टिक आहे. आमचा न्हानीतला टप असाच दबला होता. ऊन पानी टाकलं का येते जाग्यावर."

मुलगा वर्कशॉपला फोन लावत होता. तो नुसता हसला. पण ती थांबली नाही. तिच्या घरच्या माणसांनी उकळता गंज उचलून आणला आणि देवीच्या नैवेद्याचं ते आधण तिनं तांब्यातांब्यानं त्या कोपऱ्यावर ओतलं. मुलानं चाकावरच्या आच्छादनाचे स्क्रू काढून आतून रेटायला हात घातला, तर तो मनगटाशीच अडकला. व्यायामशाळेत कमावलेला हात तो. बाई माझ्याकडे वळली. "तुमचा जाईन. घाला."

घरातून निघाल्यापासून पदराची गाठ मारण्यापलीकडे मी हातानं काही केलं नव्हतं. बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि जमिनीवर आडवी होऊन हात आत घातला. प्लास्टिक गरम होतं, थोडं नरमलेलं. मी तळव्यानं दाबलं, काही झालं नाही. तिनं आणखी पाणी ओतलं. मी डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि होती नव्हती तेवढी ताकद लावली. टप्प असा आवाज झाला आणि अख्खा कोपरा माझ्या हाताखालून बाहेर गेला. एक बारीक ओरखडा तेवढा उरला.

"देवीले अडवाचं असतं तं गाडी सुरूच झाली नसती," बाई म्हणाली. "तुमच्या पोराचा पाय जोरात पडला, बाकी काई नाही. जा आता. मले पुन्हा आधण ठेवा लागते." ती चुलीकडे गेली. मी साडी झटकली आणि कुणी न सांगता गाडीत जाऊन बसले. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. गाठ चांगली नव्हती. आणखी काही महिने काढले असते तर बोलणं वेगळं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढचे उपचार जड गेले, पण आता संपलेत. डोक्यावर नवे केस आलेत आणि स्वयंपाक पुन्हा मीच करते. मुलगा म्हणतो, उष्णतेनं प्लास्टिक नरम होतं, यात चमत्कार कसला. त्याचं बरोबरच आहे, मी वाद घालत नाही. ते आधण नेमकं त्याच वेळी चुलीवर का होतं, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही आणि मलाही.

मला एकच आठवतं आणि अंगावर काटा येतो. त्या दिवशी मी घरी परतले असते, तर देवीचंच नाव सांगून परतले असते. माझ्या भीतीला मी तिचा आवाज समजत होते, आणि तिनं मात्र रागावण्याऐवजी माझाच हात धरून मला पुढे ढकललं. आई, तुझे उपकार फिटायचे नाहीत. आता मी तुला कौल मागत नाही. तू नेशील तिथे येते.