पुसलेले आकडे

माझी धाकटी नणंद पेशींवर संशोधन करते, तिचं हे पाचवं वर्ष. कुलूप लावल्यावरही दार तीनदा ओढून बघणारी. दोन महिने तिच्या पेशी वाढवायच्या डब्यांवरचे आकडे पुसले जात होते. कुठल्या डबीत कोणतं औषध घातलंय तेच कळेना, सगळी मेहनत पाण्यात. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला प्रयोगशाळेतून काढा, असा अर्ज तिने लिहिला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्यापुढे ठेवला.

"तीच आहे, वहिनी. दुसरं कोण असणार?"

मी अर्ज सोडून तिची बोटं बघत होते. "ही निळी कशाने झाली गं?"

"आकडे लिहायच्या पेनाने."

"आणि डब्या उचलायच्या आधी हाताला काय लावतेस?"

"स्पिरिट. जंतू नकोत म्हणून..." बोलता बोलता ती थांबली. स्पिरिटने ओल्या झालेल्या हातांनी आकडे ती स्वतःच पुसत होती.

तिने अर्ज फाडला.

"आता उद्या तिच्याशी नीट बोल," मी म्हटलं.

"दोन महिने मी तिच्याशी बोलले नाही, पण तिने एकदाही का म्हणून विचारलं नाही," ती म्हणाली. "हे तुला विचित्र नाही वाटत, वहिनी?"