पावणेतीन तास बसायचं

परवा तव्यावर सुका जवळा भाजायला घेतला आणि त्याच वासाने भरलेली वेसाव्याच्या घरातली एक सकाळ आठवली. आदल्या संध्याकाळी कोलकात्याहून नणंदेचा फोन आला होता. तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला उठायलाही मनाई केली होती. सासूबाई तिच्यासाठीच जवळा भाजत होत्या. "एवढ्या लांब एकटी कशी जाशील, आई?" माझा नवरा म्हणाला, "विमानात कधी बसलीयस का? पुढच्या आठवड्यात मला सुट्टी मिळेल, मग जाऊ." सासूबाईंनी हातातला कालथा न थांबवता मला विचारलं, "किती लांब गं?" मी मोबाइलमध्ये बघितलं. "साडेसोळाशे किलोमीटर. विमानाने पावणेतीन तास." "बसूनच ना?" "बसूनच." तशा त्या मुलाकडे वळल्या. "चाळीस वर्षं बाजारात मासळी घेऊन बसतेय, दहा-दहा तास. मला बसायला तू शिकवतोस? पोर तिकडे एकटी आहे. तू तिकीट काढ गं!" नवरा डोळे वटारून बघत होता, तरी मी दुपारचं तिकीट काढलं. विमानतळाच्या दारातून त्या आत गेल्या, त्या मागे वळून न बघताच. संध्याकाळी फोन आला, "पोचले. आता सारखे फोन करू नका, मला कामं आहेत." चौथ्या दिवशी नात झाली. नवरा सुट्टी घेऊन गेला तेव्हा सासूबाई तिला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या. आता बंगळुरूला लेकीकडे निघाले की माझा मुलगाही विचारतो, एकटी कशी जाशील? मी आधी तिकीट काढते, मग त्याला सांगते.