यंदाचा चिंचोका

"ती झोपलीय तोवर तूही पड जरा," असं म्हणून तन्मय भाजी आणायला जातो. दार ओढून घेताना लॅचचा आवाज होऊ नये म्हणून तो इतका जपतो, की शलाकाला वाटतं, आपण चोराशीच संसार थाटलाय.

पड जरा. सगळे तेच सांगतात. कराडहून आई फोनवर सांगते, समोरच्या देवधर काकू जिन्यात गाठून सांगतात. सांगायला काय जातं. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून आत येतंय, जुई भिंतीकडे तोंड करून झोपलीय, आणि तिच्या पोटावरचं दुपटं वर जातंय, खाली येतंय. शलाका ते बघत बसते. मध्ये जरा उशीर झाला की तिचं बोट बाळाच्या नाकापाशी जातं. एम.एस्सी. झालेली बाई आहे ती, तान्ह्या मुलांचा श्वास असाच अडखळत चालतो हे तिनं वाचलंय, तन्मयलाही वाचून दाखवलंय. तरी बोट जातंच.

कारण झोपेत माणूस जातं, हे तिला पुस्तकातून कळलेलं नाही. गेल्या डिसेंबरात तिचा थोरला भाऊ, संग्राम, शनिवारी जेवला, झोपला आणि उठलाच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. झोपेतच गेलाय, त्रास झाला नसेल. त्या 'नसेल'पाशी शलाका अजून उभी आहे.

आणि आज डिसेंबरचा शेवटचा रविवार आहे.

दोघं भावंडं वीज मंडळाच्या कॉलनीत वाढली. वडील सबस्टेशनला ऑपरेटर, पण भारनियमनाच्या काळात कॉलनीतही अंधार, आणि टीव्हीवरचा गेम नेमका शेवटच्या पुलावर असताना विझायचा. तरीही, किंवा म्हणूनच, दोघांना गेमचं वेड लागलं ते लागलंच. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, जेवणं झाली की दोघांनी आपापला वर्षाचा गेम सांगायचा. आधी धाकटीनं. कारण द्यायचं, आणि 'ग्राफिक्स भारी आहेत' हे कारण चालायचं नाही. पटलं तर समोरच्यानं एक चिंचोका हातावर ठेवायचा. संग्रामच्या खिशात भाजलेले चिंचोके कायम असायचे. नोकरीला लागला तरी असायचे. गेल्या वर्षी त्या आठवड्यात त्याचा फोन आला होता: "यंदा माझा ठरलाय. आता नाही, रविवारी सांगतो."

तो रविवार आलाच नाही.

दुपटं वर जातं, खाली येतं. शलाका पाठ टेकते, फक्त टेकते. डोळे उघडेच ठेवायचे आहेत तिला. वर. खाली. पंख्याचं पातं, पडद्याची कड, वर, खाली, वर...

कट्‌.

कुणीतरी दाढेखाली चिंचोका फोडतंय.

"सरक की, लिंबू. सगळा पलंग अडवलाय."

ती सरकते. या आवाजाला सरकायचंच असतं. संग्राम पायथ्याशी बसलाय, तोच निळा टीशर्ट, कॉलर चावून चावून विरलेली. शलाका हलत नाही. हलली तर हे मोडेल अशी तिला भीती आहे.

"दाद्या, तू तर..."

"माहितीय मला. तू सांगू नकोस परत."

"जुई कुठंय?"

"ती काय तिथं."

जुई तिथंच आहे, भिंतीकडे तोंड करून. भिंत मात्र कराडच्या क्वार्टरची आहे, पोपटी रंग, वर कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक. खाली शहाबादी फरशी. टीव्ही फळीवर, त्यावर आईनं विणलेला रुमाल. शलाकाला याचं नवल वाटत नाही. नवल एवढंच वाटतं, की दुपटं इथेही वर जातंय आणि खाली येतंय, त्याच लयीत, तिनं न मोजता.

संग्राम तिच्या हातात गेमचा रिमोट देतो. तोच, दुसरा, वायरीला चिकटपट्टी लावलेला.

ती हसते. "हा जोडलेला नाहीये."

"तुला कुठे माहितीय?"

माहितीय तिला. ती बालवाडीत असताना एक आख्खी मे महिन्याची सुट्टी हा रिमोट घेऊन खेळली होती. कॉलनीतल्या कुठल्याही डावात लहानग्यांना लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. त्यांनी पळायचं, ओरडायचं, पण त्यांच्यावर राज्य यायचं नाही. संग्रामनं तिला टीव्हीवरच्या गेममध्ये लिंबूटिंबू घेतलं. वायर सतरंजीखाली सरकवली आणि म्हणाला, वर तो ढग सरकतोय ना, तो तू. मग तो खाली उड्या मारायचा, आणि ती जीव तोडून ढग पुढे न्यायची. त्याला ऊन लागू नये म्हणून. पुढे शाळेत गेल्यावर खरं कळलं, तेव्हा ती दिवसभर जेवली नव्हती. फसवलं म्हणून नव्हे. आपला ढग गेला म्हणून. आणि तेव्हापासून तिचं नाव लिंबू.

"चल, धाकटीनं आधी. यंदाचा कुठला?"

"यंदा नाही खेळले काही. बाळ आहे मला, दाद्या."

"खोटं. डाव्या अंगठ्याला घट्टा पडलाय तुझ्या."

ती अंगठा मुठीत लपवते. "एक होडीचा आहे. मोबाईलवर. तू हसशील."

"हसेन की. सांग."

"धुकं असतं. तुझी होडी असते. एकच बटण आहे, भोंग्याचं. वाजवायचा आणि ऐकायचं. आवाज कुठून परत येतो त्यावरून खडक कुठे आहे ते कळतं."

"मारामारी?"

"नाही."

"शेवटी कुणी मोठा राक्षस-बिक्षस?"

"नाही."

"मग मरतं कसं माणूस त्यात?"

संग्राम दुसरा चिंचोका तोंडात टाकायचा थांबतो.

"मरत नाही कुणी," शलाका म्हणते. "हरवतं फक्त."

"हं." तो मांडी घालून बसतो, म्हणजे आता परीक्षा. "कारण?"

तिला कारण येतंय. महिनोन्‌महिने ते तिच्यापाशी आहे, तन्मयलाही तिनं सांगितलेलं नाही, कारण सांगायचं तर आपण काय केलं तेही सांगावं लागेल. पलंग जरासा डुलतो. फरशीवर पाणी आहे, राखाडी, हलकं, आणि टीव्हीची फळी लांब गेलीय.

"उजव्या हातावर जुई असायची. पाजताना. झोपायचं नाही म्हणून मी डाव्या हातानं तो गेम खेळायचे. सारखा भोंगा. वाजवला की धुक्यातून काहीतरी परत यायचं, आणि मला वाटायचं, कुणीतरी आहे. मग परत वाजवायचा. असं करत मी आठवडेच्या आठवडे एकाच जागी फिरत होते, दाद्या. धुकं हटायचंच नाही."

"मग?"

"मग एकदा मला झोप लागली. बाळ हातावर असताना." ती हे त्याच्याकडे न बघता सांगते. "किती वेळ, माहीत नाही. दचकून जागी झाले आणि आधी तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. निवांत होती. जिवात जीव आल्यावर मी खाली बघितलं, तर फोन तसाच मांडीवर. अंगठा सुटलेला. भोंगा बंद. आणि धुकं..."

तिला पुढे बोलावं लागत नाही. भिंत नाहीये. पोपटी रंग पाण्यात उतरून गेलाय, आणि सगळीकडे, जिथवर नजर पोचते तिथवर, होड्या आहेत. लहान लहान. प्रत्येकीवर एक दिवा, आणि प्रत्येक दिवा पाण्यात आणखी एक. कुणी वल्हवत नाहीये, कुणी हाक मारत नाहीये. त्या सगळ्या कधीपासूनच्या तिथेच आहेत. तिचा भोंगा वाजायचा म्हणून ऐकू येत नव्हत्या, एवढंच. आता त्यांच्या लाकडाची बारीक कुरकूर येतेय, झोपलेल्या घरातून येते तशी.

संग्रामचं तोंड उघडं राहिलंय. तिला आठवतं, कृष्णेला पूर आला होता तेव्हा पुलावरून बघताना तो असाच दिसला होता, शाळेचं दप्तर पोटाशी धरून.

"च्यायला," तो अगदी हळू म्हणतो. "हे मोबाईलवर?"

"एवढ्याशा स्क्रीनवर."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगू? चिंचोका कोण देणार होतं?"

तो खिशात हात घालतो आणि तिच्या तळव्यावर चिंचोका ठेवतो. गुळगुळीत, तपकिरी, भाजल्यामुळे अजून गरम. ती मूठ आवळते. आता हा सोडायचा नाही.

"आता तुझा," ती म्हणते. "रविवारी सांगतो म्हणालेलास."

"सांगतो. आधी ते दुसरं विचार. मघापासून ओठावर आहे तुझ्या."

पलंगाची होडी स्थिर आहे. शलाका विचारते, "दुखलं का रे?"

तो विचार करतो. मग मूठ ओठांवर टेकवतो, डावातून बाहेर पडताना कॉलनीतली सगळी पोरं टेकवायची तशी. "टाइमप्लीज म्हटलं. एवढंच. पळून पळून धाप लागते, आणि टाइमप्लीज म्हटल्यावर कसं गार वाटतं, तसं."

ती मान हलवते. खूप वेळ हलवत राहते.

"माझा गेम तो जुना," तो म्हणतो. "ढगाचा."

"तो कसा चालेल? जुना आहे तो."

"नवाच पाहिजे असा नियम कुठंय? माळ्यावर पेटी सापडली होती दिवाळीत. जोडला, एकटाच खेळलो. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा उड्या मारायचं थांबून वर बघितलं. अगं, तो ढग काय जातो, लिंबू. खाली सगळी कापाकापी चाललीय, आणि तो आपला शांत, बरोब्बर माझ्या डोक्यावर. एकदाही मागे राहिला नाही." तो तिच्या हातातल्या रिमोटकडे बोट दाखवतो. "भारी खेळायचीस तू."

शलाका वायरीकडे बघते. चिकटपट्टीच्या पुढे ती पलंगावरून खाली उतरलीय, पाण्यात गेलीय आणि दूर कुठेतरी ताणली गेलीय, दुसऱ्या टोकाला काहीतरी असल्यासारखी.

"पटलं का?" तो विचारतो. आता तो घाबरलेला दिसतो, दरवर्षी या प्रश्नाला दिसायचा तसा.

पटलंय. पण तिच्यापाशी द्यायला दुसरा चिंचोका नाही. मुठीत आहे तेवढा एकच. ती मूठ आणखी आवळते, इतकी की तळवा दुखतो. मग बोटं एकेक करून उघडते आणि तो त्याच्या हातावर ठेवते.

"पटलं, दाद्या."

तो चिंचोका लगेच तोंडात टाकतो. अर्थात.

"आता झोप," तो म्हणतो. "ढग सरकतोच, तू..."

कट्‌.

लॅच लागल्याचा आवाज. पडद्यातलं ऊन पिवळं होऊन भिंतीवर चढलंय. तन्मय कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात उभा आहे, आणि शलाका पलंगाखाली डोकं घालून फरशी चाचपतेय.

"काय शोधतेस?"

"चिंचोका. पडला असेल. हिच्या तोंडात गेला म्हणजे?"

"आपल्या घरात चिंचोका कुठून येणार?"

ती आणखी थोडं चाचपते, गादीची कड, चादरीची घडी. मग हात आपोआप थांबतो. दिला की आपण.

जुई केव्हाची जागी आहे. रडलेली नाही, पाठीवर पडून पंख्याकडे बघतेय, पाय हवेत. दुपटं लाथाडून कधीच खाली गेलंय.

"चांगली झोपलीस की," तन्मय म्हणतो. "मी मघाशी एकदा येऊन गेलो, पाकीट विसरलेलो. दोघी घोरत होतात."

शलाका उजवा तळवा उघडून उजेडात धरते. मधोमध एक खळगा उमटलाय, लंबगोल, कडा लालसर, आत कातडी गुळगुळीत. ती हात बाळापुढे नेते. जुई तो बघते, गंभीरपणे बघते, आणि मग आपलं इवलंसं बोट नेमकं त्या खळग्यात ठेवते. खळगा अजून गरम आहे.