प्रभुभोजनाची भाकर त्या वर्षी दुसरीने केली

पालघरच्या आमच्या मिशन कंपाउंडमध्ये वर्षातून दोनदा प्रीतिभोजन, म्हणजे प्रभुभोजनाचा विधी, व्हायचं, आणि त्याची भाकर माझी आई करायची.

आई मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. मी तिथेच राहून शिकत होते. आमचं गाव वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. तिथे बाबा पावसाळ्यात भात-नागली करायचे आणि उरलेले महिने मजुरीला जायचे. माझ्या जन्माआधी आईबाबांनी बाप्तिस्मा घेतला होता. बाबांच्या भावाने घेतला नव्हता, पण दोघा भावांची घरं एकाच अंगणात होती आणि त्यावरून कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

ही भाकर म्हणजे आपली रोजची तांदळाची भाकरी नव्हे. गव्हाचं पीठ, थोडं दूध, थोडं लोणी. खमीर अजिबात नाही. आई ते पीठ इतका वेळ मळायची की तिच्या मनगटावरच्या शिरा वर यायच्या. मळताना ती कोणाशी बोलायची नाही. मग जाड पोळी लाटून सुरीने तिच्या लांब पट्ट्या पाडायची आणि प्रत्येक पट्टीला काट्याने टोचे मारायची. टोचे कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. "येशूला खिळे मारले ना, ते," ती म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं. चर्चच्या मंडळीत गाणं सांगायला, प्रार्थना करायला तिला कोणी उभं करत नसे. पण रविवारी पुढच्या बाकावर बसणाऱ्या बायकासुद्धा प्रीतिभोजनात तिच्या हातची भाकर मोडायच्या. ते तिला ठाऊक होतं, आणि मलाही.

मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा बाबा तारापूरला कामाला लागले. तिथे अणुवीजघराचं बांधकाम चालू होतं आणि आमच्याकडचे पुष्कळ लोक बोईसरला उतरून पुढे चालत जायचे. दिवाळीच्या सुमारास बाबा थंडीतापाने फणफणून घरी आले. निरोप आला तशी आई मला घेऊन गावी गेली. सोबत तिने मिशनच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या गोळ्या नेल्या होत्या.

गोळ्या देऊन तीन दिवस झाले तरी ताप उतरेना. बाबा आम्हाला ओळखेनात. चौथ्या दिवशी दुपारी काका भगताला घेऊन आले. आईला त्यांनी विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "वयनी, बसून रहा." भगताने सुपात तांदूळ घेऊन ते न्याहाळले, काही पुटपुटला आणि बाबांच्या दंडाला काळा दोरा बांधला. आई बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. भगत गेल्यावर तिने बाबांना पुढची गोळी दिली. दोरा तसाच राहू दिला.

दोन दिवसांनी ताप उतरला. कशाने, ते मी आजही सांगू शकत नाही.

परत येताना वाणगाव स्टेशनावर आई म्हणाली, "दोऱ्याचा कोनाला बोलू नको." मी मान हलवली.

बोर्डिंगात माझी एक मैत्रीण होती. पाचवीपासून आमच्या खाटा शेजारी होत्या. तिचे वडील मंडळीचे पंच. तिच्या डब्यातला खाऊ अर्धा माझा असायचा, माझं भूमितीचं पुस्तक अर्धं तिचं. विहिरीवर कपडे धुताना तिने बाबांची चौकशी केली, आणि मी सगळं सांगून टाकलं. भगत, तांदूळ, दोरा. बाबांना असं पाहिल्याची भीती माझ्या पोटात साठून राहिली होती आणि ती कोणाजवळ तरी ओतायची होती. तिने माझा ओला हात धरला. "मी कोणाला नाही सांगणार," ती म्हणाली. मी मागितलं नव्हतं तरी तिने वचन दिलं.

प्रीतिभोजनाच्या आधी दोन पंच घरोघर भेटीला यायचे. ते प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारत: विश्वासात आहात ना? कोणाशी वैर नाही ना? मंडळीसाठी झटणार ना? कारण मनात काही ठेवून प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही, अशी शिकवण होती. त्या वर्षी ते बोर्डिंगात आले तेव्हा आईने पदराने हात पुसत तिन्ही प्रश्नांना "हाय" असं उत्तर दिलं. पंचांनी वहीत खूण केली आणि ते गेले.

दोन दिवसांनी पाळकसाहेबांनी आईला बोलावलं. ती परत आली तेव्हा मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "या येळेस भाकर मी नाय करायची."

"का?"

"सैतानाचा दोरा बांधणारा हात पिठाला लागायचा नाय, बोलले. भोजनाला मागं बसायचं. मंडळीसमोर कबूल करीन, तवा बघू."

"पण दोरा तू कुठे बांधलास?"

"मी सोडला बी नाय ना," आई म्हणाली.

कोणी सांगितलं, हे तिने मला विचारलं नाही. मीच मनातल्या मनात गावातल्या एकेका माणसावर संशय घेत बसले. वाणगावच्या बाजाराला येणारा कोणी असेल. काकांनी कुठे बोलून टाकलं असेल. मैत्रिणीचा विचार मनात आला की मी तो ढकलून द्यायचे. ती त्या दिवसांत माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड वागत होती. तिच्या आईने आमच्याच स्वयंपाकघरात येऊन भाकर केली. माझ्या आईने तिला परात काढून दिली, काटा कुठे आहे ते दाखवलं आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.

भोजन शनिवारी उन्हं उतरल्यावर सुरू झालं. देवळात बाक समोरासमोर मांडले होते, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. आधी पाय धुणं. एकीने कमरेला पंचा गुंडाळायचा, शेजारणीचे पाय घंगाळात धुवायचे, पंच्याने पुसायचे, मग उठून तिच्या गालाला गाल लावून "शांती असो" म्हणायचं आणि पंचा तिच्या हाती द्यायचा. मग तिने पुढचीचे पाय धुवायचे. येशूने बारा जणांचे पाय धुतले, त्याला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्याचेही धुतले, असं पाळकसाहेब दर वेळी सांगत. आई शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून एकटी बसली होती.

माझी मैत्रीण माझ्या डाव्या हाताला होती. पंचा तिच्याकडे आला. ती माझ्या पायांशी बसली. पाणी गार होतं. तिने माझे पाय फार जपून धुतले, बोटांच्या मधूनसुद्धा, आणि मी खाली पाहिलं तर ती रडत होती. तेव्हा मला कळलं. पुराव्याची गरजच उरली नाही.

ती उठली आणि गालाला गाल लावला. मी तिच्या कानात विचारलं, "तूच ना?"

"माझ्या बाबांनी भेटीच्या वेळी विचारलं, मनात काही लपवलंयस का," ती कुजबुजली. "मी खोटं कसं बोलणार? तसंच मेजाला बसले असते तर मला पाप लागलं असतं." मग ती म्हणाली, "शांती असो."

तिने पंचा माझ्या हातात दिला. उजवीकडे बोर्डिंगातली एक लहान मुलगी पाय पुढे करून बसली होती. मी पंचा कमरेला बांधू लागले, पण गाठ बसेना. तिला स्वतःचं मन स्वच्छ करायचं होतं आणि त्यासाठी तिने माझ्या आईचं नाव वापरलं होतं. आणि हे सगळं आधी करून, मग माझे पाय धुतले होते. मी पंचा बाकावर ठेवला आणि सगळ्यांच्या देखत मागे आईकडे चालत गेले. माझे पाय ओलेच होते, फरशीवर त्यांचे ठसे उठत होते.

मला वाटलं होतं आई मला जवळ घेईल. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"इकडं कशाला आलीस? जा, भाकर घे."

"तुझ्याशिवाय मी नाही घेणार."

"माझ्यापायी उपास नको धरू," ती हळू आवाजात म्हणाली. "पंचाच्या पोरीला सांगितला कोनी? तूच ना?"

पुढे रस्सा-भात झाला. मग भाकरीच्या पट्ट्या फिरल्या, एकीने दुसरीसाठी मोडायच्या, आणि शेवटी मनुका उकळून केलेल्या रसाचा प्याला. शेवटच्या बाकापर्यंत यातलं काही आलं नाही. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो आणि आमच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.

नाताळानंतर आईने मंडळीसमोर उभं राहून कबुली दिली. पंच एक वाक्य वाचायचे आणि ती ते म्हणायची. तिच्या तोंडी ती पुस्तकी भाषा अडखळत होती. नंतर मंडळीत परत घेतल्याची खूण म्हणून तिला पुढे बोलावून हात मिळवले. पुढच्या प्रीतिभोजनाला तिने भाकर घेतली, प्याला घेतला. पाळकसाहेब म्हणाले, आता पुन्हा तुम्हीच भाकर करा. आई म्हणाली, मनगट दुखतं. बोर्डिंगातल्या साठ मुलींच्या भाकऱ्या ती रोज थापत होती. तिला पुन्हा कोणी विचारलं नाही. बाबा बरे होऊन कामावर गेले, पण देवळात आले नाहीत. दोरा त्यांच्या दंडावरच झिजून तुटला.

मैत्रिणीशी मी मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत बोलले नाही. आमच्या खाटा शेजारीच होत्या. पुढे ती लग्न होऊन गुजरातकडे गेली आणि तिथून तिची दोन पत्रं आली. दुसऱ्यात तिने लिहिलं होतं की देवाने तिला क्षमा केली आहे, आता मीही करावी. मी उत्तर दिलं नाही. देवाला विचारायच्या आधी तिने आईला विचारायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं.

मी शिक्षिका झाले, बोईसरला नोकरी लागली, आई माझ्याकडे राहायला आली. एकदा ओट्यावर बोंबील साफ करता करता मी तिला विचारलं, "तू तिला माफ केलंस?"

"तिला? तवाच केला," आई म्हणाली. "ती परक्याची पोर. तिच्या बापाने विचारला, तिने सांगितला."

मी थांबले. 'आणि मला?' हा पुढचा प्रश्न विचारायचा धीर होईना. तिने शेपट्या कापलेले बोंबील पाण्यात टाकले आणि मीठ कुठे ठेवलंय ते विचारलं.